सामन्याआधीची चपराक

सामना सुरू होण्याआधी आमच्या मंडळात नारळ फुटायचा, आम्ही मैदानाला लावलेला हात कपाळाला टेकवायचो, आणि मग आमचे सर रांगेच्या एका टोकापासून चालत येत प्रत्येक मुलीच्या डाव्या गालावर एक सणसणीत चपराक द्यायचे. ती शिक्षा नव्हती, रिवाज होता. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात सरांना त्यांच्या वस्तादांनी असंच मारून मैदानात सोडलं होतं, म्हणून सरांनी आम्हाला. झोप उडते, रक्त तापतं, डोक्यातला कचरा साफ होतो, असं त्यांचं म्हणणं. कडेला बसलेल्या आया हे सगळं कौतुकानं बघायच्या. एकीच्या मुलीला एकदा जरा हलकी बसली, तर तिनं सामना संपल्यावर सरांना गाठून विचारलं, आमच्या पोरीवर तुमचा काही राग आहे का?

मी लालबागची. चाळीतली एक खोली, बाहेर लांबलचक गॅलरी, समोर नव्या टॉवरचा पत्रा ठोकलेला. बाबा बसवर कंडक्टर. आई मसाल्याच्या डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, मिरच्या निवडायला आणि भाजायला जायची, त्यामुळे तिनं नुसतं जवळ घेतलं तरी आम्हाला शिंका यायच्या. माझ्यापाठची एक बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, काडीसारखी. आणि मी म्हणजे कबड्डी. पाचवीत असल्यापासून मंडळात, दहावीत येईपर्यंत संघाचा डावा कोपरा.

कबड्डी ज्यांनी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांना कोपरा म्हणजे काय ते कळत नाही. चढाई करणारी मुलगी आपल्या अंगणात येते, श्वास कोंडून कबड्डी-कबड्डी म्हणत, आणि कोपऱ्यातली मुलगी तिच्या घोट्याची वाट बघत असते. घोटा हातात आला की सोडायचा नाही. मग ती लाथा मारो, नखं मारो, तोंडावर गुडघा बसो. माझा एक दात तसाच अर्धा गेला. मला ते सगळं आवडायचं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याचं हाड आपल्या पंज्यात आलेलं असताना जे वाटतं ते मी कुठल्याही देवळात अनुभवलेलं नाही.

नंतर मात्र मी शिट्टी वाजल्यावरही सोडेनाशी झाले. पंच ओरडायचे, दोघी-तिघी मिळून माझी बोटं उलगडायच्या. वरळीला बीडीडी चाळीच्या मैदानात एका मुलीला मी अशी खेचली की तिचा खांदा निखळला. ती किंचाळली तेव्हा आमच्या बाजूनं शिट्ट्या पडल्या. सरांनी माझी पाठ थोपटली, म्हणाले, वाघीण आहे ही. मी पाणी प्यायला जाते म्हणून मैदानामागच्या नळावर गेले आणि पोटातलं सगळं ओकून आले. कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मला राग येत नव्हता. मी घाबरलेली होते. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो, तशी मी घोटे पकडत होते. आणि लोक त्याला जिगर म्हणत होते.

भीती कशाची, हे तेव्हा विचारलं असतं तर मी कानफटात दिली असती. मी आणि भीती? पण दहावीचं वर्ष सुरू झालं होतं. खेळाडूंच्या कोट्यातून कॉलेज, मग कोट्यातून नोकरी, मग चाळीतून बाहेर, असा माझ्या नावावर सगळ्या मजल्यानं बेत आखून ठेवलेला होता. येता-जाता लोक डोक्यावर हात ठेवून जायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, आता तूच गो आमची.

पहिला झटका शाळेत आला. गणिताची चाचणी. बाई पहिल्या बाकापासून पेपर वाटत येत होत्या आणि माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मग ओठांना. मग छातीत कुणीतरी आतून मुठी मारायला लागलं, घशाला पीळ बसला, भिंती लांब गेल्या. मला वाटलं, मी मरतेय. अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही, मला खात्रीच झाली होती. शेजारणीचा हात मी इतका दाबला की तिला रडू फुटलं. बाईंनी मला घरी पाठवलं, पित्त झालंय म्हणून. आईनं ओवा चावायला दिला, मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. डंखावरच्या मिरच्या असूनही ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबरदस्त लागली आहे असा निर्णय झाला. संध्याकाळी बाबा आले, त्यांना पेपर बुडाल्याचं कळलं. अभ्यास नको म्हणून नाटकं करतेस, असं म्हणून त्यांनी कमरेचा पट्टा काढला. मार खाताना मला श्वास नीट येत होता, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं.

मग दादरला एका सामन्यात रांगेत उभी असतानाच तो परत आला. नारळ फुटला आणि बोटांना मुंग्या. मी पळायच्या बेतात होते. सर एकेकीला मारत येत होते, आवाज जवळ येत होता, आणि मग माझा गाल पेटला, डोळ्यांसमोर पांढरं झालं, आणि ते सगळं गेलं. हात माझे झाले, पाय माझे झाले. त्या दिवशी मी कुणाला सुटू दिलं नाही.

आता कुणीही शहाण्या माणसानं यातून जो निष्कर्ष काढला नसता तो मी काढला. मंडळात वाढलेली मुलगी दुसरं काय करणार? मला औषध सापडलं होतं. झटका आला की चपराक. पण सर काही चोवीस तास बरोबर नसतात, आणि स्वतःचं स्वतःला मारून बघितलं तर ते बसतच नाही, हात आयत्या वेळी कच खातो. म्हणून मी बहिणीला कामाला लावलं.

ती तेव्हा पाचवीत होती. आमच्या खोलीतल्या मोरीला अर्धी भिंत आणि पडदा आहे, त्या पडद्यामागे तिला नेऊन मी सांगितलं की मला कधी-कधी मरण येतं आणि ते घालवायला जोरात थोबाडीत मारावी लागते. सरांचंच नाव घेतलं, त्यामुळे तिला शंका आली नाही. पहिल्यांदा तिनं माशी हाकलावी तसा हात लावला. माझा जीव जात होता आणि ही बाई गाल गोंजारत होती. मी तिचा दंड पिरगळला आणि दातओठ खात म्हटलं, मार. मग तिनं मारली. डोळे मिटून, पण मारली. आणि झटका उतरला.

मोबदल्यात मी तिला माझ्या वाटणीची करंदीची भजी द्यायचे. ती घ्यायची नाही.

औषधानं बरं वाटायला हवं. इथं उलटंच झालं. आधी झटका परीक्षेला आणि सामन्याला यायचा, मग तो शाळेच्या फाटकाशी यायला लागला, मग सकाळी दात घासताना. जितक्या चपराका वाढल्या तितका तोही निर्लज्ज झाला. बहीण शिकत गेली. खांद्यातून हात आणायचा, तळवा मोकळा सोडायचा, मारून झाल्यावर लगेच मागे व्हायचं, कारण कधी-कधी मी उलट फटका द्यायचे. तिच्या हातावर माझ्या पंज्याचे वळ असायचे आणि माझ्या गालावर तिच्या. आईला मी सांगायचे, सरावात लागलं. आमच्या घरात त्या उत्तरावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नसे.

एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही, पुढे दिसली. बहीण खेळायला खाली जाईनाशी झाली होती. मी घरात असले की ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर असायची. मी शाळेतून उशिरा आले तर ती जिन्यात बसलेली. मला वाटायचं, किती चिकटते ही.

तो रविवार होता. संध्याकाळी जिल्ह्याच्या संघाची निवड, वर्षभर ज्याच्यासाठी घाम गाळला तो सामना. आई गॅलरीत बांगडे साफ करत होती, बाबा ड्यूटीवर. मी बूट शोधायला खाटेखाली वाकले आणि उठले ती झटका घेऊनच. इतका मोठा आधी आला नव्हता. मी बहिणीला पडद्यामागे ओढली. तिनं मारली, उतरला नाही. परत मारली. मी तिला खुणेनं सांगितलं, अजून. तिसऱ्या वेळेस तिनं सगळा जोर लावला आणि त्याच क्षणी मी श्वासासाठी मान वळवली. तिचा तळवा गालावर बसायचा तो सपाट कानावर बसला.

फटाका फुटल्यासारखा आवाज आत झाला आणि मग शिट्टी, न थांबणारी. मी मोरीत खाली बसले. कानातून काहीतरी कोमट गळत होतं. बहिणीचा हात अजून वर होता, आणि नेमका तेव्हा आईनं हात धुवायला पडदा सरकवला.

तिला दिसलं ते एवढंच की थोरली खाली पडली आहे, तिच्या कानातून रक्त येतंय, आणि धाकटी तिच्यावर हात उगारून उभी आहे. आईनं ओट्यावरचं लाटणं उचललं. ज्या हाताने मारलंस तो हात मोडून ठेवतंय तुझो, असं म्हणत तिनं बहिणीचा पंजा ओट्यावर दाबून धरला आणि बडवला. आमची आई राक्षसीण नाही. डंखावर दिवसभर मिरची खाणारी बाई, तिचा हात सुटला की सुटला. बहीण ओरडली, पण सांगितलं काहीच नाही. मी तिला शपथ घातलेली होती. आणि मला बोलायचं होतं, देवाशपथ बोलायचं होतं, पण माझा श्वास घशाच्या वर येत नव्हता. मी नुसती आईचा परकर धरून ओढत राहिले. लाटण्याचा आवाज एका कानानं ऐकला.

शेजारचे काका धावत आले तेव्हा ते थांबलं. बहिणीचं मधलं बोट वांग्यासारखं सुजलं होतं.

हॉस्पिटलात आम्हा दोघींना एकाच बाकावर बसवलं. कानाच्या डॉक्टर तरुण होत्या, झोप न झालेल्या. पडदा फाटलाय म्हणाल्या, बहुतेक आपोआप भरेल, पण काही महिने सामना नाही. आई कपाळ बडवायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, कुणी मारलं? आईनं धाकटीकडे बोट दाखवलं आणि तिचं सगळं चरित्र सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी आईला थांबवलं आणि बहिणीच्या समोर उकिडव्या बसल्या.

बहीण आपल्या सुजलेल्या बोटाकडे बघत म्हणाली, "मी मारलं. ताईनं सांगितलं म्हणून मारलं. नाय मारलं तर ती मरते."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटलेली नाही, आणि इतकं हायसंही कधी वाटलेलं नाही.

डॉक्टरांनी मला सगळं विचारून घेतलं. आधी हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. मग त्यांनी केसपेपरावर काही लिहिलं आणि सांगितलं की खालच्या मजल्यावर समुपदेशक बसतात, त्यांच्याकडे जायचं. आईला पाटी वाचून कळलं की तो मानसोपचाराचा विभाग आहे. ती भर कॉरिडॉरमध्ये उसळली. माझा चेडू काय येडा नाय, असं तिनं शिपायाला, रखवालदाराला आणि दोन अनोळखी पेशंटना ऐकवलं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की वेड्या नसलेल्या मुलीच जास्त येतात तिथे.

समुपदेशक बाई गिरगावच्या वाटाव्यात अशा. तुळतुळीत भाषा, कॉटनची साडी, प्रत्येक वाक्यानंतर थांबायची सवय. त्या मला बाळा म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं. मी बाळ दिसते का, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, माफ कर, काय म्हणू? मला कुणी कधी असं माफ कर म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे मी नुसत्या त्यांच्या टेबलाच्या पायाला लाथा मारत राहिले. टेबल दर वेळी थोडं पुढे सरकायचं आणि त्या ते परत ओढून घ्यायच्या.

पुढच्या काही भेटींत त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं ते सगळं मी आत्ता सांगितलंच आहे. कोटा, काकू, खांदा निखळलेली मुलगी, नळावरची उलटी. माझं बोलणं म्हणजे निम्म्या शिव्याच होत्या. मग एक दिवस त्यांनी समजावलं. अंगाला धोका दिसला की ते पळायला नाहीतर लढायला तयार होतं, छाती धडधडते, श्वास वाढतो, हातपाय मुंग्या धरतात. मैदानात हे कामाचं आहे. वर्गात पळायलाही जागा नाही आणि लढायलाही कुणी नाही, म्हणून ते सगळं आतच आपटत राहतं. त्यानं भयंकर वाटतं, पण त्यानं माणूस मरत नाही. ते चढतं तसं काही वेळानं आपसूक उतरतं.

मी म्हटलं, आपसूक नाही, चपराकीनं उतरतं.

"कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही," त्या म्हणाल्या. "तुझी चपराक म्हणजे ते कोंबडं. एकदा झाकून बघूया?"

झाकून बघणं म्हणजे काय, ते मला पुढच्या भेटीत कळलं. त्यांनी मला उभं केलं आणि जागच्या जागी धावायला लावलं, मग तोंडानं भराभर श्वास घ्यायला लावला. मुद्दाम झटका आणायचा होता. ज्याच्यापासून वर्षभर पळत होते त्याला घरी बोलवायचं. आणि तो आला. मुंग्या, घसा, मुठी, भिंती. मी खुर्ची ढकलली, ती कपाटावर आदळली. मी बाईंना म्हटलं, मारा. त्या नाही म्हणाल्या. मी त्यांच्या आईवरून शिवी दिली. त्या म्हणाल्या, शिव्या चालतील, खुर्च्याही चालतील, फक्त गालाला हात लावू नकोस. मी माझाच हात माझ्या दुसऱ्या हातानं धरून ठेवला, मनगटात नखं रुतली. आजवर केलेल्या सगळ्या पकडींत ती मला सगळ्यात जड गेली. कितीतरी वेळ वाटलं की आता हृदय फुटणार. मग फुटलं नाही. मग घसा जरा सैल झाला. मग मला पंख्याचा आवाज ऐकू आला आणि टेबलावर बाईंचा चहा दिसला, वर साय धरलेला. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले, आणि बाईंनी मला रडू दिलं.

असं आम्ही पुष्कळदा केलं. एकदम जादू झाली नाही. मधल्या काळात घरी मी दोन बशा आणि आरसा फोडला, बाबांनी हात उचलला तेव्हा त्यांचा हात पकडून पिरगळला, आणि आमच्या दोघांच्या मध्ये आई पडली. समुपदेशकांनी मग बाबांनाही बोलावलं. ते वर्दीतच आले, बॅग मांडीवर घेऊन. नाटकं हा शब्द त्यांनी तिथे एकदा वापरला, पुन्हा नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले की त्यांनाही बसमध्ये गर्दी वाढली की कधी-कधी असं होतं, ते उतरतात आणि बिडी ओढतात. इतकंच बोलले. पट्टा त्यानंतर पँटीलाच राहिला.

बहिणीचं काय, हे मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हतं. बाईंच्या होतं. त्यांनी एक दिवस तिला आणायला सांगितलं. बोटाला अजून पट्टी होती. बाईंनी तिला विचारलं की आता ताईला बरं वाटतंय, तुला कसं वाटतं? ती बोटावरची पट्टी चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली की ती रात्री उठून ताईच्या नाकाशी हात धरून बघते. आता मारायला परवानगी नाही, म्हणजे मग ताईला वाचवणार कोण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिथेच खचले. मी माझं मरण एका दहा वर्षांच्या पोरीच्या हातात ठेवलं होतं आणि ते परत घ्यायचं विसरले होते.

बाईंनी आम्हा दोघींना विचारून ठरवलं की आजचा झटका बहिणीसमोर आणायचा. तिनं फक्त बघायचं. वाटलं तर कधीही खोलीबाहेर जायचं. बहीण स्टुलावर बसली आणि तिनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले, पट्टीचा सुद्धा. मी धावले, श्वास घेतला. तो आला, आणि त्या दिवशी जरा जास्तच आला, कारण तिचे डोळे समोर होते. मी वाकले, गुडघ्यांवर हात टेकले. घशातून कुत्र्यासारखा आवाज यायला लागला. स्टूल जमिनीवर खडखडत होतं, इतकी ती थरथरत होती. ओठ पांढरे पडले होते, पण ती बाहेर गेली नाही.

"ताई," ती म्हणाली, "मारू?"

सगळं अंग हो म्हणत होतं. तिच्यासाठी तरी हो म्हण, म्हणजे तिची थरथर थांबेल, असंही एक मन म्हणत होतं. माझं मलाच बोलायचं होतं.

"नको," मी म्हटलं. "बस तू. मी नाय मरत."

आणि मी मेले नाही. आम्ही दोघींनी ते उतरेपर्यंत एकमेकींकडे बघितलं. उतरल्यावर बहिणीनं बाईंना विचारलं, मला शू लागली आहे, जाऊ का?

कान भरला. थंडीत अजून कधी-कधी गुणगुणतो. मंडळात परत गेले तेव्हा सरांना सगळं कळलेलं होतं, आणि ते भडकलेले होते. इतकी वर्षं मारतोय, कोण मेलं आजपर्यंत, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं की मरता-मरता एक राहिली, सर. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मुली मला काच म्हणायला लागल्या, हात लावला की फुटणारी. मी त्यांच्यातल्या एकीची वेणी धरून तिला मातीत घातली, तेव्हा ते नाव बंद झालं. समुपदेशकांना हे सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, यावरही बोलू. बोललो. त्याला चपराकीपेक्षा जास्त वेळ लागला.

परतल्यानंतरचा माझा पहिला सामना प्रभादेवीला होता. नारळ फुटला. मी जमिनीला हात लावला, कपाळाला लावला. सर रांगेच्या टोकापासून निघाले. फाट, फाट, आवाज जवळ येत होता आणि माझ्या बोटांना मुंग्या आल्या, अगदी तशाच. सर माझ्यासमोर आले, थांबले. हात अर्धा वर गेला. मला तो हवा होता, हे मी लपवत नाही. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पुढच्या मुलीकडे गेले. तिला मात्र नेहमीपेक्षा जोरात बसली.

मी झटका अंगावर घेऊनच मैदानात उतरले. छाती आत बडवत होती, भिंती नव्हत्या म्हणून टॉवर लांब गेले. पहिली चढाई माझ्याच बाजूनं आली. उंच मुलगी, बूट नवे. तिनं पाय टाकला आणि माझ्या हाताला तिचा घोटा लागला. मी तो पकडला. तिनं मला छातीत लाथ मारली, मी सोडला नाही, तिचा श्वास तुटला, पंचांची शिट्टी वाजली.

मी हात उघडला. ती उठली आणि लंगडत नाही तर नीट चालत बाहेर गेली.

आई-बाबांच्या पुढे, पहिल्या ओळीत, माझी बहीण बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली. ती सगळा वेळ तशीच बसलेली होती, हे आई मला नंतर बोलली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, घोट्याकडे नाही. मी मान हलवली. तेव्हा तिनं एक हात बाहेर काढला, मग दुसरा, त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि टाळ्या वाजवायला लागली.